शाळा सर्वांची करताना : मुख्याध्यापकांसाठी कामाची दिशा

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट दीडशेच्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळते. त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या असंख्य शाळांत एखादे ज्येष्ठ शिक्षक स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभारी म्हणून हे काम पाहतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचे येथे काहीही सुचवलेले नाही. या कायद्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून सुरू झाली आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी शाळेचे दार उघडले. प्रवेश मिळाल्यानंतर मात्र ते मूल कोणाशेजारी बसते, त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, त्याची आई सभेत बोलते की दाराशी उभी राहते, हे कोणत्याही कायद्यापेक्षा मुख्याध्यापकांनी लावलेल्या रोजच्या शिस्तीवर ठरते. म्हणून समावेशक शाळेची सुरुवात फलक, दिनविशेष किंवा शपथ यांपासून न करता हजेरी, खिचडी, याद्या आणि सभा यांपासून करावी.

आधी पाहावे, मग बोलावे

जून महिन्यात प्रवेशाची धावपळ ओसरली की पहिले दोन-तीन आठवडे केवळ निरीक्षणासाठी राखावेत. एक साधी वही घ्यावी आणि कोणती मुले कशातून वगळली जातात, एवढेच तिच्यात टिपत जावे. परिपाठात प्रार्थना, सुविचार, बातम्या कोण सांगतो? आलटून-पालटून सगळे येतात, की स्पष्ट उच्चारांची तीच पाच-सहा मुले वर्षभर पुढे असतात? पाहुणे आले की स्वागतगीताला कोणाला उभे केले जाते आणि खुर्च्या उचलायला कोणाला पाठवले जाते? मधल्या सुट्टीत एकटे कोण असते? शालेय मंत्रिमंडळात पारधी, कातकरी किंवा कैकाडी वस्तीवरचे एखादे मूल कधी आले आहे का? ही माहिती कोणत्याही ऑनलाइन प्रपत्रात भरावी लागत नाही, म्हणूनच ती सहसा कोणाकडे नसते.

वर्ग झाडण्याचे आणि पाणी भरण्याचे काम कोण करतो, हेही याच वहीत टिपावे. श्रमदानाला माझा विरोध नाही. शाळा आपली आहे ही भावना त्यातून रुजते. परंतु ठरावीक वस्तीच्या मुलांच्याच हाती खराटा आणि मुलींच्याच हाती फडके जात असेल, तर ते श्रमदान राहत नाही. सर्व मुलांचा, शक्य असल्यास शिक्षकांचाही समावेश असलेला आठवड्याचा कामाचा तक्ता भिंतीवर लावावा आणि तो पाळला जातो की नाही हे स्वतः पाहावे. स्वच्छतागृहाची सफाई कोणत्याही मुलाकडे देऊ नये. त्यासाठी शाळा अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीच्या मदतीने स्वतंत्र व्यवस्था करावी.

यादी, हाक आणि पंगत

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की अनेक शाळांत एक दृश्य दिसते. शिक्षक वर्गात येतात आणि म्हणतात, "एससी-एसटीची मुले कोण, हात वर करा." कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो, तालुक्याला माहिती त्याच दिवशी पाठवायची असते. पण हात वर करताना एखादी मुलगी आधी शेजारणीकडे पाहते, मग कोपर बाकावरच ठेवून जेमतेम बोटे उचलते, आणि त्या दिवसापासून वर्गातल्या सर्वांना एक गोष्ट माहीत झालेली असते. हे थांबवण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. ही माहिती जनरल रजिस्टरमध्ये आणि ऑनलाइन नोंदीत आधीच असते. तिच्यावरून कार्यालयात यादी करावी, कमी पडणारी कागदपत्रे पालकांकडून चिठ्ठी पाठवून किंवा फोनवर मागवावीत, आणि लाभ देताना मुलांना वर्गातून प्रवर्गानुसार उठवू नये. गणवेश, पुस्तके, सायकली किंवा देणगीदारांच्या वह्या वाटतानाही हाच नियम ठेवावा. गरीब मुलाला रांगेत उभे करून देणगीदारासोबत त्याचा फोटो काढण्याची पद्धत मुख्याध्यापकांनी नम्रपणे पण ठामपणे नाकारावी. देणाऱ्याचा मान शिक्षकांच्या सभेत आभार मानूनही राखता येतो.

हाकेचेही तसेच आहे. आडनावाने, जातीवरून, वस्तीवरून, शरीराच्या व्यंगावरून किंवा "तो ऊसतोडवाल्यांचा" अशा ओळखीने मुलाचा उल्लेख शाळेत होऊ नये, आणि शिक्षकांच्या खोलीतही होऊ नये, कारण तिथला शब्द वर्गापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई केली आहे. वर्षारंभीच्या पहिल्या शिक्षक सभेत हे कलम वाचून दाखवावे आणि "ढ", "मठ्ठ", "तुमच्यात असंच असतं" यांसारखे शब्द या शाळेत वापरले जाणार नाहीत, असा ठराव इतिवृत्तात नोंदवावा.

शालेय पोषण आहाराची वेळ ही तर शाळेची रोजची परीक्षाच असते. एकत्र जेवणातून माणसे जवळ येतात, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू करून आणि तिथे एकाच पंगतीत मुलांना जेवू घालून दाखवून दिले. आज आपल्या शाळेत ताटे घेऊन मुले कशी बसतात ते पाहावे. गट पडत असतील तर हजेरी क्रमांकाने किंवा परिपाठाच्या रांगेप्रमाणे बसवावे, आणि वाढण्याचे काम सर्व वर्गांतल्या मुलामुलींकडे पाळीपाळीने द्यावे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने आहाराची चव घेऊन तशी नोंद करायची असते. ही नोंद केवळ सहीपुरती न ठेवता मुख्याध्यापकांनी रोज मुलांच्या पंगतीत बसून दोन घास खावेत. स्वयंपाकी ताईंच्या जातीवरून गावात कुजबुज सुरू झाली, तर त्याचे सर्वांत परिणामकारक उत्तर हेच असते. एखाद्या पालकाने त्यावरून मुलाचे जेवण थांबवले तर त्याच्या घरी जाऊन शांतपणे बोलावे. स्वयंपाकी बदलण्याची तडजोड मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण ती एकदा केली की शाळेने कोणाची बाजू घेतली हे मुलांना कायमचे कळते.

जाणारी आणि येणारी मुले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, तसेच पाथर्डी-शेवगाव या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. रायगड-ठाण्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. शैक्षणिक वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग त्यात जातो. हा विषय इतर सर्व विषयांपेक्षा मला अधिक तातडीचा वाटतो, कारण वर्गात असूनही वगळल्या जाणाऱ्या मुलाला निदान कोणीतरी पाहत असते. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, गेलेले मूल मात्र कोणाच्याच हजेरीत नसते.

जिथून मुले जातात त्या शाळेने सप्टेंबरमध्येच कामाला लागावे. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या कुटुंबांची यादी गावात कोणालाही विचारली तरी मिळते. अशा प्रत्येक घरी जाऊन मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहू शकेल का, हे विचारावे आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. दिवाळीनंतर पाठवलेल्या प्रस्तावाचा मुलांना उपयोग होत नाही. घरी आजीला दिसत नसेल किंवा तान्ह्या भावंडाला सांभाळायला कोणी नसेल, तर आईवडील मुलीला सोबत नेणारच. त्यांना दोष देण्याऐवजी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळावा यासाठीचे कार्ड) भरून त्यांच्या हाती द्यावे. मुलाचे नाव, इयत्ता, त्याला काय येते आणि कुठे अडते, हे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. मुकादमाचा आणि पालकांचा मोबाइल क्रमांक घ्यावा, कारखाना कोणता हे विचारावे आणि त्या परिसरातील शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करावा. केंद्रप्रमुखांमार्फत असा क्रमांक मिळणे अवघड नसते.

जिथे मुले येतात त्या शाळेची जबाबदारी याहून मोठी आहे. "दाखला आणा, मग पाहू" असे सांगून मुलाला परत पाठवणे कायद्याला धरून नाही. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये. प्रवेशाची मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १५ मध्ये. आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. ही चार कलमे कार्यालयात टेबलासमोर लावून ठेवावीत, कारण नवख्या शिक्षकाला प्रवेशाच्या वेळी तीच हवी असतात.

प्रवेश झाल्यावरचे पहिले आठ दिवस निर्णायक असतात. कोप्यांवरून (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवरून) चालत येणारी मुले उशिरा पोहोचली तर पहिल्या आठवड्यात त्यावरून बोलू नये. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला घरी पाठवू नये. जवळच्या अंगणवाडीत त्याची सोय होते का ते पाहावे, आणि होत नसेल तर त्याला तिच्याशेजारी बसू द्यावे. प्रत्येक नव्या मुलाला वर्गातला एक सोबती नेमून द्यावा, जो त्याला पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि ताटे ठेवण्याची जागा दाखवील. गावाकडच्या शाळेने मार्चमध्ये परत येणाऱ्या मुलासाठी त्याची बाकावरची जागा, पुस्तकांचा संच आणि हजेरीतला क्रमांक जपून ठेवावा. परतलेल्या मुलाला मागच्या भिंतीशी नवी जागा शोधावी लागली, तर पुढच्या हंगामात ते फडावरून शाळेत परतेलच, असे सांगता येत नाही.

दिव्यांग मुलांसाठी : प्रमाणपत्राची वाट न पाहता

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. अंधत्व, बहिरेपणा आणि अस्थिव्यंग यांच्याबरोबरच स्वमग्नता, अंशतः दृष्टी आणि अध्ययन अक्षमता यांचाही त्यात समावेश आहे. आपल्या शाळेत एकही दिव्यांग मूल नाही, असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी. फळ्यावरचे उतरवताना सतत शेजाऱ्याच्या वहीत पाहणारे मूल किंवा तोंडी सगळे सांगणारे पण लिहिताना अक्षरे उलटी करणारे मूल त्यांना आठवेल.

उताराच्या रॅम्पबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक शाळांतील रॅम्प केवळ तपासणीपुरते असतात. उताराचे प्रमाण एकास बारा हवे. म्हणजे पायरी सहा इंच उंच असेल तर रॅम्प किमान सहा फूट लांब हवा, आणि ओटा दीड फूट उंच असेल तर अठरा फूट. यापेक्षा तीव्र उतारावरून चाकाची खुर्ची मुलाला स्वतः चढवता येत नाही आणि उतरताना ती उलटण्याची भीती असते. बाजूला हाताने धरायला कठडा असावा, पृष्ठभाग खरखरीत असावा, आणि रॅम्प संपतो तिथे उंबरठा नसावा. बांधकामापूर्वी ठेकेदाराकडून ही मापे कागदावर घ्यावीत. स्वच्छतागृहाचे दार आत उघडते की बाहेर, आणि खुर्ची आत वळते का, हेही त्याच वेळी पाहावे.

बांधकाम होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्या वर्गात चालण्यास त्रास असलेले मूल आहे तो वर्ग तळमजल्यावर आणावा. वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा किंवा संगणक कक्ष खाली हलवता येतो का, ते पाहावे. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या मुलाला त्याचा चांगला कान शिक्षकांकडे राहील अशा बाजूला बसवावे. अक्षरे मोठी करून प्रश्नपत्रिका छापणे आजच्या झेरॉक्स यंत्रावर काही मिनिटांचे काम आहे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळेला भेट देतात तेव्हा त्यांना केवळ भेट नोंदवहीवर सही करून जाऊ न देता, वर्गशिक्षकांसोबत त्या मुलाच्या वर्गात एक तास बसण्याची विनंती करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी पालकांना शिबिराची तारीख कळवणे, अर्ज भरून देणे आणि शक्य असल्यास सोबत जाणे, ही कामे शाळेने आपली मानावीत. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळण्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे लागतात. ती दहावीच्या दिवाळीनंतर गोळा करायला घेतली तर फार उशीर झालेला असतो. माध्यमिक शाळांनी आठवीतच अशा मुलांची तपासणी करून घ्यावी.

भाषेबाबत एवढेच सांगावेसे वाटते की मेळघाटातील कोरकू, सातपुड्यातील पावरी, गडचिरोलीतील गोंडी किंवा तांड्यावरची गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत गप्प बसते, तेव्हा त्याला काही येत नाही असा निष्कर्ष काढू नये. घरची भाषा वर्गात बोलायला मोकळीक द्यावी. शिक्षकांनी पन्नासेक शब्द आणि नेहमीची वाक्ये शिकून घ्यावीत. वस्तीवरच्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे.

शिक्षकांना आधार मिळाला तरच

मुलांना आधार द्या, असे ज्या शिक्षकांना आपण सांगतो, त्यांना स्वतःला शाळेत आधार वाटला पाहिजे. मुलांसमोर किंवा पालकांसमोर शिक्षकाला बोलणे मुख्याध्यापकांनी कटाक्षाने टाळावे. जे सांगायचे ते कार्यालयात, दार लावून, एकट्याला सांगावे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती यांचा भार संगणक येणाऱ्या एकाच तरुण शिक्षणसेवकावर पडत असेल तर तो वाटून द्यावा. शिक्षिका असलेल्या शाळेत त्यांच्यासाठी स्वतंत्र आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, हे पाहणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे. महिन्यातून एका सभेत कागदपत्रांचा विषय बाजूला ठेवून प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एकाच मुलाविषयी बोलावे आणि इतरांनी उपाय सुचवावेत. शिस्तीच्या धाकाने गप्प बसलेल्या शिक्षकांकडून मुलांच्या अडचणी कधीच कळत नाहीत.

पालक आणि समिती

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे. कागदावर हे सर्वत्र पूर्ण असते. सभा सकाळी अकराला ठेवली तर मजुरीवर जाणारी आई रोजगार बुडवून येणार नाही, आणि आली तरी सरपंचांच्या खुर्चीशेजारी बसणार नाही. म्हणून सभा संध्याकाळी सहानंतर किंवा बाजाराच्या दिवशी ठेवावी. सर्वांना सारखेच बसायला द्यावे. खुर्च्या पुरत नसतील तर सर्वांनीच सतरंजीवर बसावे आणि मुख्याध्यापकांनीही तिथेच बसावे. सदस्य सचिव म्हणून इतिवृत्त मुख्याध्यापकच लिहितात, सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी ते मोठ्याने, बोलीभाषेत वाचून दाखवावे आणि "वहिनी, यात तुमचे म्हणणे बरोबर लिहिले आहे ना?" असे नावाने हाक मारून विचारावे. आतापर्यंत एकदाही न बोललेल्या पालकांकडे दर महिन्याला दोन-तीन घरे याप्रमाणे स्वतः जावे, आणि पहिल्या भेटीत मुलाविषयीची तक्रार सांगू नये.

तक्रार आणि सुरक्षितता

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावली तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकत नाही. ती येण्याजाण्याच्या वाटेवर, पण कोणाच्या थेट नजरेत नसलेल्या ठिकाणी असावी. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांसाठी प्रत्येक मजल्यावर एक विश्वासाची शिक्षिका ठरवून द्यावी. २०२२ पासून राज्यातील शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करणे अपेक्षित आहे. तिची बैठक खरोखर घ्यावी आणि तिच्यातील सदस्यांची ओळख मुलांना परिपाठात करून द्यावी. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घ्यावा.

मुलांमधील भांडणे आणि चिडवणे शाळेत मिटवता येतात, मिटवावीतही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र शाळेला चौकशी करण्याचा, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवण्याचा किंवा गावातल्या जाणत्यांना विचारण्याचा अधिकार नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना तत्काळ कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल, हे कारण कायदा मानत नाही. ते कोणाही मुख्याध्यापकाने मानू नये. मुलाचे नाव कोठेही उघड होणार नाही याची काळजी घ्यावी आणि त्याची शाळा सुटणार नाही, हे पाहावे.

बदली होण्यापूर्वी

जिल्हा परिषद शाळांत मुख्याध्यापकांची बदली ठरलेलीच असते, आणि एका व्यक्तीच्या आवडीवर उभी राहिलेली व्यवस्था पुढच्या जूनमध्ये कोलमडते. म्हणून वरील प्रत्येक गोष्ट ठरावात, तक्त्यात किंवा वेळापत्रकात उतरवावी. पदभार देताना दप्तर, साठा आणि धनादेश पुस्तक यांच्या यादीबरोबर चार-पाच पानांचे एक टिपण द्यावे: कोणत्या घरांतील मुले केव्हा आणि कोठे स्थलांतर करतात, कोणत्या मुलाला वर्गात कोणती सोय लागते, कोणाच्या प्रमाणपत्राचा अर्ज कोठे अडला आहे, गावातील कोणती व्यक्ती कोणत्या वस्तीशी बोलू शकते. तक्रारींतील किंवा पोलीस प्रकरणांतील नावे या टिपणात लिहू नयेत. मुलांची वैयक्तिक माहिती वगळून त्याची एक प्रत व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे द्यावी, आणि नव्या मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत होणाऱ्या पहिल्याच सभेत ती वाचली जाईल, असा विषय आधीच्या सभेत मंजूर करून घ्यावा.